दहा गाईंच्या गोठ्यात आधी काय आणावं? मशीन, कॉलर, की सेक्स्ड सिमेन?

नीरेकाठ

राम राम मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिलाच धागा काढतोय. आम्ही फलटण तालुक्यातले. चाकणला कंपनीत होतो, आता गावी परत येऊन घरचा गोठा बघतोय. दहा जनावरं आहेत, त्यातली सात दुधात. बहुतेक एचएफ (होल्स्टीन), दोन जर्सी क्रॉस. शिवाय तीन कालवडी. दोन्ही वेळचं मिळून नव्वद-शंभर लिटर दूध डेअरीला जातं. धारा आई आणि वहिनी काढतात, वैरणकाडी वडील आणि मी.

हाताशी दोनेक लाख आहेत आणि कर्ज अजिबात काढायचं नाही. कृषी प्रदर्शनात फिरून आलो तर डोकं गरगरलं. मिल्किंग मशीन, गळ्यातली कॉलर जी माज आला की मोबाईलवर मेसेज टाकते, नव्वद टक्के कालवडीच होतील असं सांगून विकतात ते सेक्स्ड सिमेन, पाण्याचं धुकं सोडणारे फॉगर, मुरघासाच्या (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा... प्रत्येक स्टॉलवाला सांगतो आमच्यापासूनच सुरुवात करा.

माझा कल कॉलरकडं आहे. माज हुकला की २१ दिवस गेले, तेवढे दिवस गाय फुकट खाणार. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा.

पंचगंगा

कॉलर दहा जनावरांना? भावा, रोज दोन वेळा तू स्वतः गव्हाणीपुढं उभा असतोस की. शंभर-दोनशे गाई असल्या आणि बघायला पगारी माणूस असला तर कॉलर पाहिजेच. पहाटे आणि रात्री झोपायच्या आधी वीस मिनिटं गोठ्यात निवांत उभा राहा, कुठली दुसरीवर चढतीय, कुठली सोट (चिकट स्राव) टाकतीय, कुठली हंबरतीय ते आपोआप कळतंय.

आमच्या म्हशींचं मात्र वेगळं. म्हशीचा माज मुका. ती ना हंबरती ना चढती, आणि उन्हाळ्यात तर पत्ताच लागत नाही. तिथं असलं काही यंत्र निघालं तर मी पहिला घेईन.

जुनाजाणता

आधी दावणीची जनावरं सोडा, मग कॉलर बांधा. बांधलेली गाय माज दाखवणार कशी? मुक्त संचार गोठा करा, जाळी आणि लोखंडी पाइपात होतो. आमच्याकडं तो केल्यावर माज ओळखायचा प्रश्नच उरला नाही.

गोवैद्य

नीरेकाठ, प्रश्न चांगला मांडलाय. मी पशुवैद्यक आहे, खेडोपाडी फिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉलरच्या आत गतिमापक असतो, मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते तो असतो तसलाच. गाय किती चालली, मान किती हलली, किती वेळ रवंथ केला याची तो नोंद ठेवतो. धडधाकट गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. माजावर आली की चालणं वाढतं आणि रवंथ कमी होतो. आजारी पडायच्या आधीही रवंथ घटतो. माझ्या मते कॉलरचा खरा उपयोग हा दुसरा आहे, कारण ताप चढण्याआधी एक दिवस कळलं तर उपचार स्वस्तात होतो. पण पंचगंगा म्हणतात ते बरोबर, दहा जनावरांत तो खर्च निघत नाही.

माज दिसल्यावर भरवायची (रेतनाची) वेळ मात्र अजून बऱ्याच जणांची चुकते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज दिसला की लगेच फोन करून "डॉक्टर आत्ताच या" म्हणणारे बरेच आहेत आणि मग गाय उलटली (गाभण न राहता पुन्हा माजावर आली) की कांडीला, म्हणजे वीर्याच्या नळीला, दोष देतात.

सेक्स्ड सिमेनवर वेगळं लिहितो, जेवण करून येतो.

चहाबाज_पुणे

डॉक्टर जेवायला गेलेत तोवर एका शहरी माणसाची शंका. पिशवीच्या दुधाला पूर्वीसारखी साय येत नाही, त्यामागे पण काही तंत्रज्ञान आहे का भेसळ आहे?

संकलनवाला

@चहाबाज, भेसळ नाही. एक तर टोन्ड दुधात फॅट तीनच टक्के असतं. दुसरं म्हणजे होमोजिनायझेशन, म्हणजे दूध जोराच्या दाबानं बारीक फटीतून ढकलतात, त्यात फॅटचे गोळे फुटून इतके बारीक होतात की वर तरंगतच नाहीत. फुल क्रीम घ्या आणि पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलेलं नाही ना ते बघा. साय पाहिजे असेल तर म्हशीचं सुटं दूध घ्या आणि गवळ्याशी दोस्ती ठेवा.

चहाबाज_पुणे

धन्यवाद! गवळ्याशी दोस्ती आहेच, दर दिवाळीला खरवस येतो. आता चालू द्या तुमचं.

माणदेशची लेक

नीरेकाठ दादा, धारा कोण काढतं हे तुम्ही पहिल्याच पोस्टीत लिहिलंय आणि उत्तर पण तिथंच आहे. आई आणि वहिनी. सात गाई, दोन वेळा, म्हणजे दिवसाला चौदा धारा दोघींच्या हातावर. तुम्ही कधी सलग तीन गाईंची धार काढून बघितलीय का? अंगठा आणि मनगट रात्री असं ठणकतं की भाकरी थापवत नाही. माझ्या सासूबाईंची बोटं वाकडी झाली ती कायमची.

आमच्याकडं मशीन आलं तेव्हा घरातले पुरुष म्हणत होते की बायका आहेत की घरात, कशाला पन्नास हजार घालायचे. मी हट्टानं घ्यायला लावलं. आता पहाटेचं सगळं काम तासाभरात उरकतं आणि मुलीला शाळेची वेणी घालायला मला वेळ मिळतो. ह्या धाग्यावर माज, कांडी, कॉलर सगळं आलं, पण ज्या हातांनी दूध निघतं त्यांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिलं. राग मानू नका.

नीरेकाठ

ताई, राग कसला, उलट बरं झालं लिहिलंत. घरी आत्ताच विचारलं तर आई काही बोलली नाही, वहिनी म्हणाली "मशीन घेताय का खरंच?" ह्यातच आलं सगळं.

पण मशीननं कास खराब होते, कासदाह वाढतो असं गावात सगळे सांगतात. ते खरं आहे का?

जुनाजाणता

खरं आहे. आमच्या शेजाऱ्यानं मशीन घेतलं आणि वर्षात दोन गाईंचे सड गेले.

गोवैद्य

जेवण झालं. आधी मशीन, कारण हा गैरसमज मला रोज भेटतो.

चांगलं मशीन वासरासारखं चोखतं, सतत ओढत नाही. सडाला लावायच्या कपातला रबरी लायनर उघडतो आणि मिटतो, मिनिटाला साधारण ६० वेळा. मिटला की सडाला मालिश होते, रक्त फिरतं. हे उघडणं-मिटणं करतो तो पल्सेटर. पल्सेटर बिघडला किंवा व्हॅक्यूम वाढवून ठेवला की सडाच्या टोकाला सूज येते आणि तिथून जंतू आत जातात. व्हॅक्यूम ४० ते ५० किलोपास्कलच्या मध्ये हवा. लवकर उरकावं म्हणून गडी गेज वर चढवतो, जुनाजाणता काका, तुमच्या शेजाऱ्याकडं बहुधा हेच झालं असेल.

दुसरं कारण म्हणजे दूध संपल्यावरही मशीन लावून ठेवणं. आणि तिसरं लायनर न बदलणं. साधारण २५०० धारांनंतर लायनर बदलायचाच. नीरेकाठ, तुमचे सात गाईंचे दोन वेळचे मिळून दिवसाला १४ झाले, एकच क्लस्टर (चार कपांचा संच) असेल तर सहा महिन्यांत बदल. रबर वरून नवं दिसतं पण आतून चिरलेलं असतं आणि त्या चिरांमध्ये जंतू घर करतात.

पान्ह्याचा हिशोब तर हातानं काढा नाहीतर मशीननं, सारखाच. कास धुऊन पुसली की मिनिटा-दीड मिनिटात पान्हा येतो आणि पाच-सात मिनिटंच टिकतो. त्यामुळे कास धुतली आणि मग बादली शोधायला गेलं असं करू नका. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून गाठी आहेत का बघा. शेवटी प्रत्येक सड आयोडिनच्या द्रावणात बुडवा आणि गाईपुढं वैरण टाका, म्हणजे अर्धा तास ती बसणार नाही. धार झाल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडंच असतं आणि तेवढ्यात ती शेणामुतात बसली की झालं काम.

आणि पान्ह्यासाठी इंजेक्शन देणाऱ्या कुठल्याही माणसाला गोठ्यात पाय ठेवू देऊ नका.

पंचगंगा

सड बुडवण्याला +१००. एवढ्या स्वस्त गोष्टीला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही म्हणून स्टॉलवर मिळत नाही.

वायकाटोकर

मी न्यूझीलंडला असतो, वायकाटो भागात, मूळचा बारामतीकडचा. आमच्या आजूबाजूला सगळे डेअरी फार्मच. इथे गाई एका मोठ्या गोल फिरत्या चबुतऱ्यावर चढतात, चबुतरा हळूहळू फिरतो, फेरी पूर्ण होईपर्यंत धार झालेली असते आणि गाय मागे सरकून उतरते. दोन-तीन माणसं शेकडो गाई आटोपतात.

आता नवीन निघालंय ते कुंपणाशिवाय गाई हाकणं. हॉल्टर नावाची इथलीच कंपनी आहे, सोलरवर चालणारी कॉलर. मोबाईलवर नकाशात रेघ ओढायची, गाय त्या रेघेजवळ आली की कॉलर आवाज आणि थरथर करून तिला वळवते. धारेच्या वेळी गाई आपल्या आपण शेडकडे चालायला लागतात.

आणि रोबो म्हणाल तर तो नेदरलँडमध्ये १९९२ पासून गोठ्यात चालतोय. गाय तिला वाटेल तेव्हा आत जाते, यंत्र कॅमेरा-लेझरनं सड शोधून कप लावतं.

वर्धेकर

भाऊ, आमच्याकडे गाय वाटेल तेव्हा दुसऱ्याच्या तुरीत जाते, त्याले बी कॅमेरा लागते :)

वायकाटोकर

:D पण गंभीरपणे सांगतो, हे सगळं इथे आलं त्याचं कारण मजूर मिळत नाहीत आणि जमीन भरपूर. गवत चरून गाई जगतात, गोठाच नाही. बारामतीला आमच्या काकांकडे दहा गाई आहेत, त्यांना हे सांगितलं तर उपयोग शून्य. मला इथलं घ्यावंसं वाटतं ते वेगळंच. इथे प्रत्येक गाईच्या दुधाची नियमित तपासणी होते आणि नोंद राहते. कुठली गाय किती देते, कुठलीच्या दुधात पेशी वाढल्यात (कासदाहाची खूण), सगळं कागदावर. आपल्याकडे दूध सगळं एकाच कॅनमध्ये ओततो आणि मग कुठली गाय खर्चात घालतेय हेच कळत नाही.

संकलनवाला

हे लाखमोलाचं. एक साधी वही करा, महिन्यातून एक दिवस प्रत्येक गाईचं दोन्ही वेळचं दूध वेगळं मोजा.

गोवैद्य

आता सेक्स्ड सिमेन. वळूच्या वीर्यात कालवड होणारे आणि गोऱ्हा होणारे शुक्राणू जवळजवळ निम्मे-निम्मे असतात. कालवडवाल्यात डीएनए साधारण चार टक्के जास्त असतो. त्यांना रंगद्रव्य लावून लेझरसमोरून एकेक करून सोडतात, जास्त डीएनएवाला जास्त चमकतो, मग त्या थेंबाला विद्युत भार देऊन बाजूला खेचतात. एका कांडीसाठी असे लाखो निवडायचे, म्हणून ते महाग पडतं. साध्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात तिथं ह्यात वीसेक लाखच. त्यातून ते यंत्रातून गेल्यामुळे थोडे दमलेले. म्हणून गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी येतं. राहिली तर मात्र दहातल्या नऊ वेळा कालवड, हे खरं आहे.

त्यामुळे वापरायचं कुठं? निरोगी, वजन भरलेल्या कालवडीला आणि पहिल्या वेताच्या गाईला. उलटणाऱ्या गाईला सेक्स्ड कांडी म्हणजे पैसे पाण्यात.

पूर्वी हे तंत्र पूर्ण परदेशी होतं. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या कार्यक्रमात देशी तंत्राचं लोकार्पण झालं, त्यात कांडीमागं साधारण २०० रुपये कमी होतील असं सांगितलं होतं. पुण्याजवळ उरुळीकांचनला बायफमध्येही ह्या कांड्या तयार होतात. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये सुरू केलेली ती संस्था, दारात येऊन रेतन ही गोष्ट आपल्याकडं रुजवली त्यात तिचा मोठा वाटा. मधल्या दलालाकडून कांडी घेऊ नका, नायट्रोजन संपलेल्या कंटेनरमधली कांडी म्हणजे नुसतं पाणी. उणे १९६ अंशांत राहायला पाहिजे ती.

जुनाजाणता

हे सगळं ऐकायला चांगलं आहे पण मला ते पटत नाही. पाडी-पाडी करत सगळ्यांच्याच गोठ्यात कालवडी झाल्या की कालवडींचा भाव काय राहील? आणि दूध वाढलं की डेअरीवाले दर पाडतात हे आपण बघितलेलं आहे. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला सरकारला लिटरमागं आधी ५ आणि मग ७ रुपये अनुदान द्यावं लागलं, का? दूध जास्त आणि भाव नाही म्हणूनच ना? मग दूध वाढवणारं तंत्रज्ञान आणून शेतकऱ्याचं भलं होणार की प्लांटवाल्याचं?

माणदेशची लेक

काका, दराचं तुमचं बरोबर आहे. पण गोऱ्ह्यांचं काय करायचं ते सांगा. २०१५ च्या कायद्यानंतर गोऱ्हा कत्तलीसाठी विकता येत नाही, एचएफचा गोऱ्हा शेतीच्या कामालाही चालत नाही, आणि सांभाळायचा म्हटलं तर एका दुभत्या गाईची वैरण तो खातो. लोक रात्रीचे टेंपोत घालून डोंगरात सोडून येतात, काही तर चीकही पाजत नाहीत. आमच्या गावाबाहेरच्या माळावर मी स्वतः बघितलंय, अंगावर अजून वार वाळलेली नाही असं वासरू. त्या दिवसापासून मी ठरवलं की आपल्या गोठ्यात गोऱ्हा जन्मालाच येऊ नये म्हणून जे करता येईल ते करायचं. माझ्यासाठी सेक्स्ड सिमेन दूध वाढवायला नाहीये.

पंचगंगा

ताई, काय बोलावं कळंना. एकदम मनापासून अनुमोदन.

वर्धेकर

आमच्या भागात गोऱ्हा अजून लागते. गवळाऊचा गोऱ्हा असला तर चांगली बैलजोडी होते, पऱ्हाटीच्या शेतात डवरणीले ट्रॅक्टर चालत नाही ना सगळीकडे. त्यामुळे राजेहो, सगळीकडे एकच कांडी चालवू नका. देशी गाईले साधं रेतन बी ठेवा. त्याच वाशिमच्या कार्यक्रमात देशी गाईसाठी जनुकीय चिप बी आली होती, गौचिप. रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून वासरू लहान असतानाच समजते की पुढे जाऊन कसं निघंल. गवळाऊसारख्या कमी राहिलेल्या जातीत चांगले वळू निवडाले ते कामाचं.

चहाबाज_पुणे

देशी गाय निघालीच आहे तर, ए२ दुधाचे शंभर-सव्वाशे रुपये लिटर देतोय ते द्यावेत का?

गोवैद्य

@चहाबाज, ए१-ए२ हा बीटा केसिन प्रथिनाच्या एका अमिनो आम्लाचा फरक आहे, दूध दोन्ही चांगलं. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) पाकिटावरचा हा दावा काढायला सांगितलं आणि चार-पाच दिवसांत तो आदेश मागंही घेतला. देशी गाय जगावी म्हणून जास्त पैसे देत असाल तर आनंदानं द्या, औषध म्हणून देऊ नका. ह्यावर वेगळा धागा काढा, इथं नीरेकाठचा प्रश्न वाहून जाईल.

व्यवस्थापक

धागा 'शेती व पशुपालन' विभागात हलवला आहे. ए२ वरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

पंचगंगा

जुनाजाणता काका दराचं बोलले तिथं मला परत यायचंय, कारण खरं दुखणं तिथंच हाय. आपण कॉलर, मशीन, कांडी सगळं आपल्या पैशानं आपल्या गोठ्यात आणतोय. पण ज्या एका यंत्रावर आपला सगळा पगार ठरतो, ते संकलन केंद्रावरचं दूध तपासायचं मिल्कोमीटर, त्यावर आपला काही हात नाही. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दर. एसएनएफ ८.३ लागला की दोन पॉइंट गेले, ०.१ चा एक पॉइंट. आमच्याकडं मागं एका खाजगी केंद्रावर पॉइंटला रुपया कापायचे आणि वाढला तर तीस पैसे द्यायचे. शंभर लिटर घालणाऱ्याचे दोन पॉइंट म्हणजे दिवसाला २०० रुपये, महिन्याला सहा हजार. ह्यात मशीनचा हप्ता निघतोय की राव. काट्याचं पण तसंच, काटा शंभर मिलीचा असला की वरचे पन्नास-साठ मिली रोज तिकडंच. दहा मिलीचा काटा मागा, तो मिळायलाच पाहिजे.

जुनाजाणता

हेच म्हणतोय मी पहिल्यापासून!

संकलनवाला

मी स्वतः गावात केंद्र चालवतो त्यामुळे माझी बाजू पण ऐका. सगळे केंद्रवाले चोर नसतात. माझं दूध पुढं चिलिंग सेंटरला परत तपासलं जातं आणि तिथं कमी लागलं तर तो फरक माझ्या खिशातनं जातो.

यंत्राचं समजून घ्या. गावातली बहुतेक मशीनं अल्ट्रासॉनिक आहेत. त्यात फॅट दिसत नाही, दुधातून आवाज किती वेगानं जातो ते मोजून मशीन हिशोब करतं. आता ताज्या धारेचं दूध, फेसाळ, त्यात हवेचे बुडबुडे, सरळ मशीनला लावलं की रीडिंग भरकटतं. आत दुधाचा थर साचला की भरकटतं, म्हणून रोज गरम पाण्यानं आणि ठरलेल्या दिवशी क्लीनिंगच्या औषधानं धुवावं लागतं. कॅलिब्रेशन गाईच्या चॅनेलला वेगळं आणि म्हशीच्या वेगळं असतं, चुकीचं बटण दाबलं तरी फरक. आणि कुणी दुधात साखर, मीठ नाहीतर युरिया टाकला तर हे मशीन फसतं, एसएनएफ उलट चांगला दाखवतं. मोठ्या प्लांटला इन्फ्रारेडवाली मशीनं आहेत, ती युरिया आणि माल्टोडेक्स्ट्रिन बरोबर पकडतात, पण त्यांची किंमत गावच्या संस्थेला झेपत नाही. म्हणजे प्रामाणिक माणसाला हे मशीन शंका देतं आणि भेसळवाल्याला सोडून देतं, हे मी केंद्रवाला असून कबूल करतो.

शंका आली तर गर्बर पद्धतीनं फॅट काढून मागा. १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, की नळीवर फॅट सरळ वाचता येतं. शंभर वर्षांपेक्षा जुनी पद्धत आहे पण वाद मिटवायला अजून तीच.

नीरेकाठ

पंचगंगा दादा, अगदी बरोबर बोललात, आमचा पण उन्हाळ्यापासून एसएनएफ ८.२-८.३ च लागतोय. मी समजत होतो केंद्रवालाच मारतोय.

गोवैद्य

दोन्ही शक्यता बघा. एचएफ २५-२६ अंशांच्या वर तापमान गेलं की धापा टाकायला लागते, खाणं कमी करते आणि एसएनएफ पडतो. नुसत्या ओल्या हिरव्या चाऱ्यावर असली तरी पडतो. लपलेला कासदाह असला तरी पडतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही. सीएमटी म्हणजे कासदाह ओळखायच्या चाचणीचं चार खणांचं प्लॅस्टिकचं पॅडल मिळतं, प्रत्येक सडाचं थोडं दूध घ्यायचं, द्रावण टाकून गोल फिरवायचं, जेलीसारखं घट्ट झालं की त्या सडात गडबड. घरच्या घरी होतं. आधी हे करा, मग केंद्राशी भांडा.

आणि तुमच्या फलटणच्या उन्हात पंखा आणि फॉगर मी सगळ्यांच्या वर धरीन. शिवाय पाणी चोवीस तास पुढं हवं, दुधातली एचएफ उन्हाळ्यात सत्तर-ऐंशी लिटर सहज पिते. दिवसातून दोनदा बादली दाखवून भागत नाही.

वायकाटोकर

मुरघासाचं कुणीच बोललं नाही! वर्षभर एकसारखा चारा मिळाला की अर्धे प्रश्न सुटतात.

पंचगंगा

मुरघास करा पण मका चिकात असताना कापा, नुसती हिरवी लुसलुशीत कापली तर पाणी सुटतं आणि सडतोय. बॅग भरताना माणसं वर नाचली पाहिजेत, हवा राहिली की बुरशी. बुरशी लागलेला भाग गाभण गाईला अजिबात घालू नका.

माणदेशची लेक

एक विषय राहिला. आता डेअरीचं दहा दिवसांचं बिल मोबाईलवर मेसेजनं येतं आणि पैसे सरळ खात्यात. हे पण तंत्रज्ञानच. पण खातं आणि मोबाईल दोन्ही घरच्या पुरुषाच्या नावावर. पूर्वी बिल रोख यायचं तेव्हा निदान घरात मोजलं तरी जायचं, सासूबाईंना कळायचं ह्या दसवड्याला किती आले. आता मेसेज त्यांच्या खिशात. बारा आकडी बिल्ला गाईच्या कानात आहे, त्याच्यावर मालकाचं नाव चढतं, अनुदानसुद्धा त्या बिल्ल्याला आणि आधारला जोडलेल्या खात्यातच आलं. मी गेल्या वर्षी डेअरीत भांडून चार गाई माझ्या नावावर करून घेतल्या, सभासदपण माझं. दादा, तुम्ही पण वहिनींच्या आणि आईंच्या नावावर काही गाई करा.

वर्धेकर

ताई, हे आमच्या बचत गटात दाखवतो. एकदम मुद्द्याचं.

जुनाजाणता

मी सकाळपासून विरोधच करतोय पण ह्या पोस्टला माझा पाठिंबा. आमच्या घरी पण तसंच आहे, उद्या सचिवाला विचारतो.

नीरेकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. घरी बसून सगळं वाचून दाखवलं. आमचं ठरलंय ते असं. कॉलर सध्या नाही. मिल्किंग मशीन ह्याच महिन्यात, वहिनी स्वतः येणार आहे बघायला आणि चालवायला तीच शिकणार. दावणीची अर्धी जागा मोकळी करून जाळी मारायची, पाण्याचा हौद आत घ्यायचा, दोन मोठे पंखे आणि फॉगर. सेक्स्ड कांडी फक्त तीन कालवडींना, डॉक्टरांनी वजन बघून सांगितल्यावर. पॅडल कालच मागवलं. चार गाईंचा बिल्ला वहिनीच्या नावावर चढवायला पशुवैद्यकीय दवाखान्यात जायचंय.

आता एकच राहतं. आमच्या वस्तीवर पाच गोठे आहेत. पाच जणांनी मिळून गर्बरचा लहान सेट आणि हातानं फिरवायचं सेंट्रिफ्यूज घेतलं तर चालेल का? केंद्रावर सगळ्यांनाच शंका आहे, आणि रोज भांडण्यापेक्षा आपला आकडा आपल्याकडं असलेला बरा.

संकलनवाला

जरूर घ्या. मी केंद्रवाला असून सांगतोय, गिऱ्हाईकाकडं स्वतःचा आकडा असला की माझं काम सोपं होतं. फक्त नमुना केंद्रावर दिला त्याच कॅनचा पाहिजे, नीट ढवळून, फेस बसल्यावर घेतलेला. गर्बरनं फॅट कळेल, एसएनएफसाठी लॅक्टोमीटर आणि तापमापी पण घ्या.

ॲसिडचं मात्र जपून. नळीत आधी ॲसिड, मग दूध कडेनं हळूहळू सोडायचं, शेवटी अल्कोहोल. ॲसिड नेहमी पंपानं किंवा टिल्ट मेजरनं घ्यायचं, तोंडानं पिपेट ओढायचा नाही. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका बसेल इतकी तापते, म्हणून फडक्यात धरा. हातमोजे, चष्मा पाहिजेच, आणि पोरं आसपास असताना बाटली उघडायची नाही.

नीरेकाठ

लिहून घेतलं. पंप आणि बुटायरोमीटर (गर्बरच्या त्या नळ्या) कुठं चांगले मिळतात, पुण्यात की सांगलीत?

पंचगंगा

व्यनि (खाजगी निरोप) केलाय बघ. मशीन बघायला जाल तेव्हा पल्सेटर चालू करून अंगठा लायनरमध्ये घालून बघा, वहिनींना पण बघू दे, ठेका बरोबर आहे का ते लगेच कळतंय.